कारण: शेजारी

शेवटच्या साध्या दिवशी बाबा एका काचेवर चिडले होते.

मोटारसायकलीच्या मागच्या दिव्याची ती काच टपालाने आली होती. लाल होती, गोल होती आणि पहिल्याच प्रयत्नात चपखल बसली होती. नेमकं हेच त्यांना खटकलं. अठ्ठावन्न वर्षांच्या गाडीला एखादी वस्तू बिनतक्रार बसते म्हणजे ती वस्तू नक्की नवी असणार, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी काच उन्हात धरली, कानाशी नेऊन तिला टिचकी मारली, "कालची आहे," असा निकाल दिला आणि खोकं परत बांधायला घेतलं.

गाडीच्या बाबतीत बाबांचा एकच धर्म होता. मूळ स्थिती. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी ती राहिली पाहिजे. पुसायची, घासायची नाही. दुरुस्त करायची, सुधारायची नाही. टाकीचा हिरवा रंग विटला होता, तिच्यावरची सोनेरी रेघ जागोजागी तुटली होती, सीटच्या कातड्याला म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या आठ्या पडल्या होत्या. पण ते सगळं मूळ होतं. खुद्द बाबांचे दात मूळ नव्हते, डावा गुडघा मूळ नव्हता, ही गोष्ट वेगळी.

या धर्माला अपवाद एकच. टाकीच्या उजव्या अंगाला वाटीएवढा पोचा होता.

बाबांची मुलगी उंबऱ्यावर फाइल घेऊन बसली होती. ती कॉलेजात ग्रंथपाल होती, म्हणून गल्लीत तिला सगळे लायब्ररीबाई म्हणत. पुस्तकात तिने खून पचवले होते, युद्धं पचवली होती, भर समुद्रात जहाजं बुडताना पानावरची नजर हलू दिली नव्हती. पुस्तकाबाहेर मात्र ती झुरळाला भीत असे, फोनच्या घंटीला भीत असे आणि गोल शिक्का असलेल्या कुठल्याही कागदाला भीत असे. त्या क्षणी तिच्या हातात असाच एक कागद होता.

झालं होतं असं, की पन्नास वर्षांवरच्या गाड्या सरसकट भंगारात काढायचा नियम आला होता. गाडी मूळ स्थितीत आहे असं सिद्ध केलं, तरच वाहन कार्यालय तिच्या पुस्तकावर 'जतन' असा शिक्का मारणार होतं. बाबांनी दीड वर्षापूर्वी अर्ज केला होता. त्याची प्रत फाइलला लावताना तिने सहज रकाने वाचले आणि चौदाव्या रकान्यापाशी ती अडकली. 'मूळ स्थितीत नसलेल्या बाबी व त्यांची कारणे.' त्याखाली बाबांचं ताठ, सुबक अक्षर: 'टाकीस उजव्या बाजूला पोचा. कारण: शेजारी.'

"नाव मुद्दाम घातलं नाही," बाबा सुतळी ओढत म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. माणसाची अब्रू कशाला काढायची?"

शेजारी म्हणजे समोरचे शिंपीकाका. आणि गाडी शिंपीकाकांनी पाडली नव्हती. हे साऱ्या जगात एकाच व्यक्तीला माहीत होतं आणि ती व्यक्ती उंबऱ्यावर बसली होती.

दहा वर्षांची असताना, एका दुपारी बाबा कामावर गेलेले बघून, ती सीटवर चढली होती आणि तोंडाने फटफट आवाज काढत जगप्रवासाला निघाली होती. जग पहिल्याच वळणावर संपलं. गाडी स्टँडवरून सटकली, कलंडली आणि टाकीने जाऊन आदळली ती थेट शिंपीकाकांच्या नव्या मशीनच्या लोखंडी स्टँडवर. तो स्टँड हमालांनी त्याच सकाळी अंगणात आणून ठेवला होता. ती खाली उतरली, घरात गेली आणि भूगोलाचं पुस्तक उघडून बसली. संध्याकाळी बाबांनी गाडी पाहिली, लोखंडी स्टँड पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. म्हणजे सगळं चुकीचं कळलं. शिंपीकाका म्हणाले, हमाल म्हणतात धक्का लागला नाही, पण लागलाही असेल, माफ कर. बाबांच्या रागाला आवाज नसे. त्यांनी फक्त काकांकडे कपडे शिवायला टाकणं बंद केलं. तेव्हापासून ते तयार शर्ट घालत. तयार शर्ट त्यांना अंगात बसे आणि बाह्यांत दोन बोटं लांब होई. सव्वीस वर्षं बाबा दुमडलेल्या बाह्यांनी समोरच्या दारावरून ये-जा करत राहिले, आणि समोर मशीनवर बसलेला माणूस त्या बाह्या बघत राहिला.

तिने का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी ती माराला घाबरली. दुसऱ्या दिवशी, काल का सांगितलं नाहीस या प्रश्नाला घाबरली. त्यानंतर रोज ती आदल्या दिवसाला घाबरत आली.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

आत चहा उतू गेला. ती धावली. परत आली तेव्हा बाबांनी सुतळीची गाठ पुढे केली आणि वर बोट ठेवायला सांगितलं. तिने बोट ठेवलं.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपातला चहा निवला, तरी बाबा उठले नाहीत.

*

कार्यालयाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. शिक्का गोल होता. तिने ते आधी फडताळावर ठेवलं, मग तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवसांनी धीर करून उघडलं. तपासणीला बारा दिवस उरले होते. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आवारात आली पाहिजे. अर्जदार किंवा वारस हजर पाहिजे. अर्जातली कोणतीही माहिती खोटी निघाली, तर अर्ज रद्द होऊन गाडी भंगारात जमा होईल. शेवटचं वाक्य तिने पाच वेळा वाचलं. ग्रंथपालाला कुठल्या ओळीखाली रेघ मारावी हे कळतं.

ती मुदत वाढवून मागायला गेली. चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली आणि सांगितलं, की मुदतवाढीच्या अर्जावर मूळ अर्जदाराचीच सही लागते. ते वारले, ती म्हणाली. त्याने दाखला मागितला, तिने दिला, त्याने तो दोनदा वाचला. मग, वाईट झालं, पण सही लागेलच, असं म्हणून दाखला परत केला. या योजनेत गाडीइतकाच मालकही मूळ स्थितीत लागतो, असं तिच्या मनात आलं. पण मनात आलेलं तोंडावाटे बाहेर काढायची सवय तिला नव्हती. ती आभार मानून घरी आली.

घरी आत्या वाट बघत होती. भाऊ गेल्यापासून आत्या इथेच राहायला आली होती. दुःख आवरण्याचे प्रत्येकाचे प्रकार असतात. आत्या दुःख घासून काढत असे. तिने स्वयंपाकघर घासलं होतं, खिडक्यांचे गज घासले होते, बाबांचा चष्मासुद्धा घासला होता. आणि आज घासायला घरात काही उरलं नव्हतं.

"बघ तरी," आत्या अभिमानाने म्हणाली. "तपासणारी माणसं बघणार आणि गाडीवर ही एवढी धूळ. काय म्हणतील? बाप गेला तशी गाडीही टाकली म्हणतील."

मागचा मडगार्ड चकाकत होता. बादलीतल्या पाण्याला हिरवट रंग आला होता. लायब्ररीबाईंना घेरी आली आणि त्या स्टुलावर बसल्या. सुदैवाने टाकी वाचली होती. आत्याचं मनगट मडगार्डपाशीच भरून आलं होतं.

आता प्रश्न असा, की निघालेली धूळ परत कशी बसवायची? याविषयी कुठल्याच पुस्तकात काही नाही, हे तिने कॉलेजात जाऊन खात्रीने पाहिलं. शेवटी तिने माळ्यावरची सगळ्यांत जुनी धूळ सुपलीत जमवली आणि चहाच्या गाळणीतून मडगार्डवर भुरभुरवली. आत्या शेजारी उभी राहून, या कोपऱ्यात कमी पडली, तिकडे जरा जास्त झाली, असं सांगत होती. आयुष्यभर धूळ काढलेल्या बाईला धूळ कुठे नाही हे बरोबर कळतं.

मग मेकॅनिक आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो गाडीला हात लावण्यापूर्वी घरच्यांचे चेहरे बघे. त्याने इंजिनाला कान लावला, नळी हुंगली आणि विचारलं, "किती वर्षांची?" मग तोच म्हणाला, "जाऊ द्या. वय विचारून काय करायचं आता." त्याच्या मते इंजिन ठणठणीत होतं, कार्बोरेटर साफ केला की बास. नवा बसवला तर अधिक बरं. पण नव्याचं नाव काढताच बाईंचा रंग उडाला, म्हणून त्याने तो विषय सोडला.

"आणि हा पोचा," टाकीवर हात फिरवत तो म्हणाला. "हा दहा मिनिटांत काढतो. आतून गज घालायचा, बाहेरून लाकडी हातोडा. होता की नव्हता, कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही. सव्वीस वर्षांत इतकं गोड वाक्य तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. पोचा गेला की चौदावा रकाना गेला. रकाना गेला की शेजारी गेला आणि शेजाऱ्यामागे दडलेली दहा वर्षांची मुलगीही गेली. तिने मान हलवली. डॉक्टरने टाकी सोडवली, पोत्यावर आडवी घातली, आत गज घातला, हातोडा उचलला.

"थांबा," ती म्हणाली.

का म्हणाली ते तिला सांगता येईना. बाबा दर रविवारी टाकी पुसत. ते फडकं पोच्यापाशी आलं, की कडेने हळू फिरे, दुखऱ्या जागेवरून फिरवावं तसं. एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

"तुमची मर्जी," डॉक्टर म्हणाला. "रोगासकट पेशंट घरी न्यायचा."

त्याने टाकी पुन्हा बसवली आणि किक मारली. ही गाडी किक खाते आणि आवडली नाही तर परत करते. तिने ती परत केली. डॉक्टर एका पायावर अंगणभर फिरला. दुसऱ्या प्रयत्नानंतर फिरण्याइतकंही त्राण त्याच्यात राहिलं नाही. पोटरी चोळत त्याने निदान केलं, की इंजिनात दोष नाही. हिला पाय ओळखीचा लागतो, आणि तो पाय गेला.

"तो एकच पाय नव्हता गं," आत्या म्हणाली. "गाडी आली तेव्हा दोघं मिळून शिकले. हा आणि समोरचा."

सगळ्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. लायब्ररीबाईंनी नाही पाहिलं.

ते दार घरापासून अकरा पावलांवर होतं. तिने ती अकरा पावलं टाकायला दोन दिवस घेतले. रोज अंगणात यायची, कुंडीला पाणी घालायची, परत जायची. कुंडीतलं झाड त्या दोन दिवसांत कुजायला आलं. तिला भीती काय होती? काका नाही म्हणतील ही भीती नव्हती. काका हो म्हणतील, गाडी चालवत कार्यालयात येतील, आणि तिथे कुणीतरी चौदावा रकाना मोठ्याने वाचेल, ही भीती होती. काका आले नाहीत तर गाडी जाणार. आले तर तिचा पोचा बाहेर पडणार. तिसरा रस्ता तिने फार शोधला.

तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच दार उघडलं. गळ्यात टेप, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"त्या झाडाचा जीव जाईल पोरी," ते म्हणाले. "आत ये."

तिने एका दमात सांगितलं. पत्र, तारीख, किक. रकान्याचं सांगितलं नाही. काकांनी हातातलं काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि कपाटातून गाडी चालवायचा परवाना काढला. मुदत संपेल तसा दर वेळी तो त्यांनी न चुकता पुढे चालू करून घेतला होता. त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती.

"येतो," ते म्हणाले. मग परवाना खिशात घालत, "त्याचे शर्ट आहेत ना अजून? एक दे मला. बाह्या करून ठेवतो."

"आता?"

"आता तो नको म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात आले. त्यांनी कार्बोरेटरची घुंडी दाबली, पेट्रोलचा थेंब बाहेर येताच सोडली, किक हळूच खाली नेत एका जागी थांबवली, जणू सुईत दोरा ओवण्याआधीचा क्षण, आणि मग सगळं वजन टाकलं. गाडी खोकली. दुसऱ्या किकेला बोलली. आवाज ऐकून आत्या पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

*

तपासणीच्या दिवशी काकांनी शर्ट आणून दिला. बाह्या बरोबर दोन बोटं कमी झाल्या होत्या आणि शिलाई इतकी बारीक होती, की मूळ कोणती आणि नवी कोणती ते ओळखू येत नव्हतं. तिने तो फाइलमध्ये ठेवला, का ते तिलाही माहीत नव्हतं, आणि ती मागच्या सीटवर बसली. या गाडीवर ती चढली आयुष्यात दुसऱ्यांदा.

काका इतक्या सावकाश निघाले, की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि पुढच्या चौकात थांबून, सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेला. तिने डोळे मिटले होते. दर खड्ड्याला गाडी कलंडणार असं तिला वाटत होतं. ती गाडी कलंडताना कशी होते हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आवारात रांग होती. इंजिन बंद करून दोघं सावलीला उभे राहिले. काका टाकीकडे बघत होते.

"तो स्टँड मीच उतरवून घेतला होता," ते म्हणाले. "हमाल म्हणाले, धक्का लागला नाही. मलाही वाटायचं, नाही लागला. मग आठ-दहा वर्षांनी वाटायला लागलं, लागला असेल. तुझा बाप उगाच रुसणारा माणूस नव्हता. आता तर मला तो आवाजसुद्धा आठवतो बघ. लोखंडावर पत्रा आपटल्याचा."

तिला तो आवाज आठवत होता. काकांना तो आठवणं शक्य नव्हतं. त्या दुपारी काका घरी नव्हते, कापड आणायला गेले होते. तिने त्यांना जाताना पाहिलं होतं. म्हणून तर ती गाडीवर चढली होती.

"काका," ती म्हणाली आणि त्याच वेळी तिच्या बाबांच्या नावाचा पुकारा झाला.

निरीक्षक हडकुळा होता. त्याच्या एका हातात बॅटरी होती आणि दुसऱ्या हातात दांड्याला लावलेला छोटा आरसा. त्याने सांगाड्यावरचा नंबर जुळवला, इंजिनावरचा नंबर जुळवला, मागचा दिवा पाहिला. तिथे जुनीच तडकलेली काच होती आणि ती पाहून तो प्रसन्न झाला. मग तो मडगार्डपाशी आला, एक बोट फिरवलं, ते उजेडात धरलं.

"धूळ फार एकसारखी बसली आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. याहून शहाणं उत्तर तिला पुढे महिनाभर विचार करूनही सुचलं नसतं.

त्याने बोट रुमालाला पुसलं आणि पुढे सरकला. टाकीपाशी थांबला. अर्ज उघडला.

"टाकीस पोचा. कारण..." त्याने चष्मा वर केला. "कारण, शेजारी. हे काय?"

काका एक पाऊल पुढे झाले. त्यांनी अर्ज मागितला नाही, वाचायची गरजही त्यांना वाटली नाही. एवढंच म्हणाले, "मी शेजारी."

"मग बरं झालं, तुम्ही हजर आहात," निरीक्षक म्हणाला. त्याच्या मते एरवी गाडी उत्तम होती. अशा गाड्या आता दिसत नाहीत. फक्त या एका बाबीला पुरावा हवा होता. ज्याच्या हातून झालं त्याने तसं लिहून सही केली, की शिक्का मारायला तो मोकळा. मात्र अर्जात लिहिलंय ते खरं असलं पाहिजे. खोटं निघालं तर अर्ज तिथेच बाद, मग त्याचेही हात बांधलेले.

"खरं आहे," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि कागद टाकीवरच ठेवला, पोच्याच्या कडेला. "कुठे करू? इथे?"

आवाराच्या भिंतीपलीकडे भंगाराचा ढीग दिसत होता. हँडलं, चाकं, कुणाच्या तरी टाक्या. तिने तो पाहिला. मग काकांचा हात पाहिला. काज करून करून वाकडी झालेली बोटं, आणि त्या बोटांत, न केलेल्या गोष्टीची सही करायला निघालेलं पेन. बगलेतल्या फाइलमध्ये बाबांचा शर्ट होता. त्याच्या बाह्या आता बरोबर झाल्या होत्या. ती इतकी घाबरली होती, की याहून जास्त घाबरायला जागाच उरली नव्हती. तिने पुढे होऊन कागदावर हात ठेवला, सुतळीच्या गाठीवर बोट ठेवावं तसा.

"सही करू नका काका," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिने तो कधी ऐकलेला नव्हता. "साहेब, 'शेजारी' खोडा. तिथे 'मुलगी' लिहा. काका, तुमच्या स्टँडचा धक्का लागला नव्हता. तुम्ही घरीसुद्धा नव्हता. गाडी मी पाडली."